ताबा नेमका कुठे सुटला, हे शोधताना

‘चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने अपघात झाला’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापले जाते की त्यातील विचित्रपणा आता कोणाला खटकत नाही. या वाक्यात ताबा आपोआप सुटतो, जणू जुना दोर कुजून तुटावा तसा, आणि चालक तिथे केवळ हजर असतो. शक्तिशाली स्पोर्ट्स कार हातून सुटल्यावर त्या प्रसंगातून काही शिकायचे असेल, तर आधी या वाक्याची उकल करावी लागते: ताबा कोणत्या क्षणी सुटला, कोणत्या कृतीने सुटला आणि गाडीच्या कोणत्या चाकांवरचा सुटला?

माझ्या बाबतीत उत्तर ‘उजवा पाय’ असे होते, पण ते मान्य करायला मला जवळजवळ आठवडा लागला. जर्मनीतील एका बंदिस्त ट्रॅकवर, पाऊस नुकताच थांबलेला असताना, मी एका मित्राची 1987 सालची पोर्शे 911 कॅरेरा चालवत होतो. तिसरा गिअर होता आणि समोर उजवे वळण होते, जे सुरुवातीला ऐसपैस वाटते आणि पुढे आवळत जाते. वळण आवळू लागल्यावर मला वेग जास्त वाटला आणि मी अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलला. गाडीची मागची बाजू डावीकडे सुटली, मी स्टिअरिंग डावीकडे फिरवले, गाडी क्षणभर सावरली, मग उलट्या दिशेला हेलकावली आणि पूर्ण फिरून गवतावर थांबली. कोणालाही इजा झाली नाही, पण गाडीत एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) नसल्यामुळे चाके जाम झाली आणि दोन टायर घासून सपाट झाले. ते टायर अर्थातच मी भरून दिले.

त्या गाडीला दोष देण्याचा मोह होतो, कारण 911 ची ख्यातीच तशी आहे. तिचे सहा सिलिंडरचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवलेले आहे, त्यामुळे वजनाचा सुमारे साठ टक्के भाग मागच्या चाकांवर असतो. 1963 मध्ये ही गाडी प्रथम लोकांसमोर आली आणि तिची मागची बाजू सुटण्याची खोड लवकरच सर्वांना कळली. कंपनीने काही काळ पुढच्या बंपरच्या आत वजने बसवून पाहिली, आणि 1969 च्या मॉडेलसाठी पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर 57 मिलिमीटरने वाढवले. 1975 मध्ये टर्बो आली, तिचे इंजिन तीन लिटरचे आणि ताकद 260 अश्वशक्तीची. त्या टर्बोत पाय दाबल्यावर काही क्षण फारसे काही घडत नसे आणि मग सगळी ताकद एकदम येत असे. ती नेमकी वळणाच्या मध्यावर आली की चालक दचकून पाय उचलत असे, आणि पुढची गोष्ट ठरलेली होती. ‘विडोमेकर’ म्हणजे ‘विधवा करणारी’ हे तिचे टोपणनाव याच सवयीवरून रूढ झाले. तरीही लक्षात घ्यावे की त्या गोष्टीत शेवटची चूक बहुधा ताकदीची नसून, ताकद अचानक काढून घेण्याची असते.

असे का होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कोणतेही मार्गदर्शन उपयोगाचे नाही. टायरकडे पकडीचे एकच खाते असते. त्यातूनच वळण्यासाठी, ब्रेक लावण्यासाठी आणि वेग वाढवण्यासाठी खर्च होतो. वळणात टायर बाजूच्या दिशेने जवळजवळ सगळी शिल्लक वापरत असेल, तर लांबीच्या दिशेने थोडेसे मागितले तरी खाते रिकामे होते. शिवाय हे खाते टायरवर पडणाऱ्या भारावर अवलंबून असते. पाय दाबला की भार मागे जातो, पाय उचलला की पुढे येतो. म्हणून वळणात पाय झटकन उचलला की एकाच वेळी तीन गोष्टी घडतात: मागच्या टायरवरचा भार कमी होतो, इंजिनाचा ब्रेक, म्हणजे पाय उचलल्यावर इंजिनाने चाकांना धरून ठेवणे, त्याच मागच्या टायरांकडून आणखी पकड मागतो, आणि पुढचे टायर अधिक भाराने अधिक जोरात वळू लागतात. मागचे टायर सुटतात, पुढचे चावतात, आणि गाडी स्वतःभोवती फिरू लागते. मागे जड इंजिन असलेली गाडी एकदा अशी फिरू लागली की लंबकासारखी फिरतच राहते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या कोणत्याही ताकदवान गाडीत हे होते. 911 मध्ये ते फक्त लवकर आणि स्पष्ट दिसते.

आकडे पाहिले की भीतीला आकार येतो. 100 मीटर त्रिज्येच्या सपाट वळणात, टायरची पकड वजनाच्या 0.9 पट धरली, तर कमाल वेग ताशी सुमारे 107 किलोमीटर निघतो. पाऊस पडून पकड 0.5 पटीवर आली की तोच वेग 80 होतो. वळण आवळून त्रिज्या 80 मीटर झाली की 71. म्हणजे कोरड्या ट्रॅकवर जिथे निवांत गप्पा मारत जाता आले असते, तिथे ओल्यात, वळणाच्या उत्तरार्धात, मी सीमेच्या बाहेर होतो. पाय उचलणे ही चूक होती, पण पाय उचलावासा वाटावा इतक्या वेगाने आत शिरणे ही त्याआधीची चूक होती. पहिला नियम त्यामुळे वळणापूर्वीचा आहे: वेग सरळ रस्त्यावर, ब्रेकने, वळण सुरू होण्याआधी कमी करावा. वळणात शिरल्यावर पाय स्थिर किंवा अगदी हळूहळू वाढता ठेवावा, आणि वळण सरळ होताना स्टिअरिंग जितके उघडेल तितकाच पाय खाली जाऊ द्यावा. गिअर खाली आणायचा असेल तर तोही सरळ रस्त्यावर आणावा. वळणाच्या मध्यावर क्लच धाडकन सोडला तर मागची चाके हँडब्रेक ओढल्यासारखी अडखळतात.

इतके करूनही मागची बाजू सुटलीच, तर पहिले काम डोळ्यांचे आहे. नजर खांबाकडे, कठड्याकडे किंवा गवताकडे न ठेवता, गाडी जिथे जायला हवी तिथे न्यावी. हात नजरेच्या मागे जातात, हा अनुभव प्रत्येकाने सायकलवर घेतलेला असतो. मागची बाजू ज्या दिशेला जात असेल त्या दिशेला स्टिअरिंग तत्परतेने फिरवावे. मागचा भाग डावीकडे गेला तर डावीकडे. पाय अ‍ॅक्सिलरेटरवर खूप दाबलेला असल्यामुळे चाके सुटली असतील, तर तो थोडा सैल करावा. पण पाय उचलल्यामुळे सुटली असतील, तर ब्रेकवर पाय आपटणे म्हणजे त्याच चुकीची पुनरावृत्ती आहे. तिथे अगदी किंचित दाब परत देणे हेच बरोबर, आणि ते करणे मनाला फार अवघड जाते.

यानंतरची पायरी बहुतेक लोक विसरतात, आणि मीही विसरलो. गाडी सावरू लागली की उलट दिशेला फिरवलेले स्टिअरिंग तितक्याच वेगाने सरळ करावे लागते. ते अर्धा सेकंद जरी उशिरा सरळ केले, तरी मागच्या टायरांना पकड परत मिळते तेव्हा पुढची चाके चुकीच्या दिशेला पाहत असतात, आणि गाडी दुसऱ्या बाजूला पहिल्यापेक्षा जोरात झेपावते. साधारण चालक पहिल्या घसरणीत फारसा अडकत नाही. तो या दुसऱ्या हेलकाव्यात जातो. म्हणूनच हात स्टिअरिंगवर घड्याळातील नऊ आणि तीनच्या जागी ठेवायला सांगतात. तसे धरले की चाके किती वळलेली आहेत हे न पाहता कळते. एका हाताने, खिडकीत कोपर टेकवून चालवणाऱ्याला ते कळत नाही.

गाडी आता सावरणार नाही, हे कळण्याचाही एक क्षण असतो. समोरच्या काचेतून रस्त्याऐवजी रस्त्याची कड दिसू लागली, तर झुंज थांबवावी. क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबावेत आणि गाडी थांबेपर्यंत सोडू नयेत. असे केल्याने गाडी साधारणपणे ज्या दिशेला आधीच चालली होती त्याच दिशेला घसरत जाते आणि तिचा मार्ग इतरांना ओळखता येतो. मध्येच ब्रेक सोडला तर टायरांना अचानक पकड मिळून ती भलत्याच बाजूला सुटते. क्लच दाबलेला असेल तर इंजिनही बंद पडत नाही. ट्रॅकवर थांबल्यावर धोक्याचे दिवे लावावेत, आपण कुठे तोंड करून उभे आहोत ते पाहावे, मार्शलच्या, म्हणजे ट्रॅकवरील सुरक्षा कर्मचाऱ्याच्या, इशाऱ्याची वाट पाहावी आणि आग लागल्याशिवाय गाडीतून उतरू नये. मागून येणाऱ्या गाडीचा धोका गाडीत बसलेल्यापेक्षा उघड्यावरच्या माणसाला जास्त असतो.

त्यानंतर लगेच पुन्हा फेरीला निघण्याची घाई असते, कारण लाज वाटत असते. ती घाई टाळावी. गाडी बाजूला घेऊन टायरांवर सपाट डाग आहेत का, रिममध्ये किंवा ब्रेकच्या डिस्कजवळ खडे अडकले आहेत का, खालून काही गळते आहे का, हे पाहावे. टायरच्या बाजूवर चार अंकी खूण असते, तीही याच वेळी वाचावी. 2319 याचा अर्थ 2019 सालातील तेविसावा आठवडा. भरपूर नक्षी शिल्लक असलेला पण जुना, कडक झालेला टायर दिसायला नवा आणि वागायला दगड असतो. स्पोर्ट्स कार वर्षातून थोडीच चालवली जाते, त्यामुळे या फसवणुकीला तिचेच मालक जास्त बळी पडतात.

मग वही घ्यावी, आणि ती त्याच दिवशी घ्यावी. माझ्या मते संपूर्ण शिक्षणाचा गाभा इथे आहे, कारण स्मरणशक्ती फार लवकर चालकाची वकिली करू लागते. मी पहिल्या दिवशी लिहिले होते: ‘पाणी साचले होते, गाडी अचानक सुटली.’ मित्राने गाडीतील कॅमेऱ्याचे चित्रण दाखवले तेव्हा कळले की ‘अचानक’ हा शब्द जवळजवळ दोन सेकंद लांब होता. ताशी 80 च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी 44 मीटर जाते. त्या 44 मीटरमध्ये इंजिनाचा आवाज तुटतो, गाडीचे नाक खाली वाकते, माझे हात काहीच करत नाहीत, आणि मग ते एकदम सगळे करू पाहतात. साचलेले पाणी कुठेच दिसत नाही. लिहिताना शेवटापासून मागे जावे: गाडी कुठे थांबली, त्याआधी हात कुठे होते, त्याआधी पाय काय करत होता, त्याआधी वेग किती होता, आणि त्याआधी मनात काय चालले होते. माझ्या शेवटच्या ओळीत असे निघाले की मागच्या फेरीत एका गाडीने मला मागे टाकले होते आणि मी तिचा हिशेब करत होतो.

नवीन गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक स्थैर्य यंत्रणेविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. बॉश आणि मर्सिडीज यांनी ती 1995 मध्ये रस्त्यावर आणली. गाडी स्टिअरिंगच्या आज्ञेपेक्षा जास्त किंवा कमी फिरत असेल तर ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते आणि इंजिनाची ताकद कमी करते. ती पकड निर्माण करत नाही, असलेली पकड वाटून देते. ओल्या वळणात ताशी वीस किलोमीटर जास्त असतील तर तीही काही करू शकत नाही. मात्र शिक्षक म्हणून ती उत्तम आहे. समोर पिवळा दिवा लुकलुकला की समजावे, या जागी जुन्या गाडीत आपण फिरलो असतो. दिवा लुकलुकलेली प्रत्येक जागा वहीत लिहावी, आणि दिवा न लागता तीच फेरी तितक्याच वेळात जमेपर्यंत यंत्रणा बंद करण्याचा विचारही करू नये.

सराव कुठे करावा, हा प्रश्न महाराष्ट्रातील वाचकाला अडचणीत आणतो, कारण सोयीचे उत्तर ‘घाट’ असे मनात येते. ते चुकीचे आहे. खंडाळ्याच्या घाटात, किंवा पहिल्या पावसाने रस्त्यावरचे तेल आणि माती वर आणलेली असताना कुठेही, चुकीला जागा नसते आणि समोरून येणाऱ्याने आपल्या शिक्षणाला संमती दिलेली नसते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरजवळ कारी आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध सर्किट हे बंदिस्त ट्रॅक आहेत. तिथे प्रशिक्षकासह घेतलेला एक दिवस महाग वाटला तरी बंपरपेक्षा स्वस्त पडतो. शक्य असेल तर ओल्या, सपाट, मोकळ्या पटांगणावर गोल फेऱ्या माराव्यात. ताशी तीस-चाळीसच्या वेगात मुद्दाम पाय उचलून मागची बाजू सुटू द्यावी आणि सावरावी, असे वीस-पंचवीस वेळा. हात सरळ करण्याची घाई तिथेच अंगात भिनते. परदेशी वाचकांसाठी एक सूचना: जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग सर्किटची नॉर्डश्लाइफे ही जुनी लांब फेरी पर्यटकांसाठी खुली असते, पण तिथे जर्मनीचे रस्त्याचे नियम लागू असतात आणि मोडलेल्या लोखंडी कठड्याचे बिल चालकाच्या नावावर येते.

मी त्याच वळणाकडे तीन आठवड्यांनी परत गेलो, या वेळी शेजारी प्रशिक्षक होता आणि ट्रॅक पुन्हा ओला होता. त्याने वेग ताशी 65 वर आणायला लावला आणि वळण आवळू लागले तेव्हा एकच शब्द उच्चारला: ‘थांब.’ तो वेगासाठी नव्हता, माझ्या उजव्या पायासाठी होता, जो नकळत वर येऊ लागला होता. मी तो तिथेच ठेवला. गाडीने मागची बाजू किंचित खाली दाबली आणि ती वळण पार करून गेली.