नेपाळच्या डोंगरात आरोग्य शिबिर घ्यायचं असेल तर

शिबिराची तारीख ठरवण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हातात हवं: आपण परतल्यावर या रुग्णांकडे कोण बघणार? नेपाळमध्ये याचं उत्तर गावातच आहे. एक म्हणजे स्वास्थ्य चौकी, आपल्या उपकेंद्रासारखी. दुसरी महिला सामुदायिक स्वास्थ्य स्वयंसेविका. १९८८ पासून या बायका गावोगाव काम करताहेत आणि देशभरात त्या जवळपास ५०,००० आहेत. शिबिराचं सगळं नियोजन या दोघांना धरूनच करा.

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही, म्हणून परवानगीही लागत नाही असं समजून पथकं निघतात आणि तिथेच अडकतात. भारतातली वैद्यकीय नोंदणी नेपाळमध्ये चालत नाही. प्रत्येक डॉक्टरला नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. परिचारिकांसाठी वेगळी कौन्सिल आहे. २०१५ च्या संविधानानंतर गावपातळीवरची आरोग्यसेवा ७५३ पालिकांकडे गेली, त्यामुळे पहिलं पत्र पालिकेच्या आरोग्य शाखेला. या सगळ्यासाठी निदान तीन महिने हाताशी ठेवा.

जून ते सप्टेंबर दरडी कोसळतात. शिवाय आषाढात भातलावणी असते, बायका शेत सोडून येत नाहीत. दशैं-तिहारच्या सणातही (आपला दसरा-दिवाळी) माणसं येत नाहीत. तिहार उरकल्यानंतरचे दोन-तीन आठवडे किंवा फाल्गुन-चैत्र उत्तम.

हुम्लासारख्या उंचावरच्या जिल्ह्यात जाणार असाल तर आधी पथकाची काळजी घ्या. सपाटीवरचं नेपाळगंज सुमारे १५० मीटरवर, हुम्लाचं मुख्यालय सिमिकोट जवळजवळ २,९०० मीटरवर, आणि विमान एका उड्डाणात तिथे नेऊन सोडतं. पहिला दिवस पूर्ण विश्रांतीचा. उंचीचा त्रास टाळायला ॲसेटाझोलामाइड १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, उड्डाणाच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. विमानं हवामानावर उडतात, म्हणून परतीला दोन दिवस जादा धरा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर या उंचीला निरोगी माणसाचाही आकडा ९० च्या आसपास येतो, त्याला घाबरून ऑक्सिजन लावत बसू नका. आकडा शेजारच्या धडधाकट माणसाशी ताडून बघा.

औषधं भारतातून पोत्यांनी नेऊ नका. देणगीच्या औषधांची मुदत पोचताना निदान एक वर्ष शिल्लक हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उरलीसुरली नमुन्याची पाकिटं त्यात बसत नाहीत, आणि सीमेवर परवान्यावाचून माल अडतो तो वेगळाच. नेपाळगंज किंवा काठमांडूत खरेदी करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्वास्थ्य चौकीत कोणती औषधं मोफत मिळतात ती यादी आधी मागवा आणि त्यातूनच लिहा. रक्तदाबाची भारी गोळी दहा दिवस देऊन पुढे ती तालुक्यातही मिळत नसेल, तर त्या रुग्णाला तुम्ही काहीच दिलेलं नाही.

एका डॉक्टरने सहा तासांत ४५ रुग्ण बघितले तर प्रत्येकाला आठ मिनिटं मिळतात. चार डॉक्टर म्हणजे १८०. तेवढीच चिठ्ठी-नोंदणी करा, बाकीच्यांना दुसऱ्या दिवसाचा क्रमांक द्या. आकडा फुगवण्याच्या नादात सगळ्यांना व्हिटॅमिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वाटल्या जातात.

चढ चढून आलेल्या माणसाचा रक्तदाब लगेच घेऊ नका. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, हात हृदयाच्या पातळीला टेकवा, जाड लोकरीची बाही काढा, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा. १४०/९० च्या वर आला म्हणून त्याच दिवशी गोळी सुरू करू नका. चिठ्ठी देऊन पुन्हा मोजायला चौकीत पाठवा. १८०/११० च्या वर असेल तर डॉक्टरांनी तिथल्या तिथे तपासावं.

स्त्रियांच्या तपासणीला बंद खोली आणि स्त्री डॉक्टर हवीच. आपल्याकडे 'अंग बाहेर येणं' म्हणतात, नेपाळीत 'आङ खस्ने'. डोंगरात हा त्रास खूप आहे आणि पडद्याआड गेल्याशिवाय कोणी त्याबद्दल बोलत नाही. अंग आत धरून ठेवणारी रिंग बसवायची असेल तर ती दर काही महिन्यांनी काढून धुवायला आणि तपासायला चौकीत प्रशिक्षित माणूस आहे का, हे आधी विचारा. नसेल तर बसवू नका, रुग्णालयात पाठवा.

मुलांना व्हिटॅमिन ए देण्याआधी थांबा. नेपाळ सरकार ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना दरवर्षी वैशाख आणि कार्तिकात हा डोस देतं. तुमचं शिबिर कार्तिकातच पडलं तर तोच डोस दुसऱ्यांदा जाईल. जंतांच्या गोळीचंही तसंच.

आरोग्य शिक्षणात सगळ्यात मोठी चूक होते ती आपली सवय तिकडे नेल्यामुळे. बाळाच्या नाळेला काही लावू नका, कोरडी ठेवा, असं आपण इथे सांगतो. नेपाळमध्ये नाळेला क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं 'नाभी मलम' लावणं हा सरकारी कार्यक्रम आहे. तिथे जाऊन उलटं सांगितलंत तर स्वयंसेविकेचा शब्द खाली पडतो. एवढंच जोडा की मलम फक्त नाभीला, डोळ्याजवळ नाही.

जुलाबासाठी 'जीवनजल'चं (म्हणजे ओआरएसचं) पाकीट सगळ्यांच्या ओळखीचं आहे. चूक होते पाण्याच्या मापात. पाकीट एक लिटरचं. त्या घरातला चहाचा पेला आणि एक लिटरची बाटली घेऊन पाणी आईकडूनच मोजून घ्या, पेले तिनेच मोजावेत. दोन वर्षांखालच्या मुलाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. २४ तासांनंतर उरलेलं ओतून द्या. पाणी २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळ उकळू द्या, कारण तिथे ते कमी तापमानाला उकळतं.

लिपी एकच असल्याने मराठी माणसाला नेपाळी फलक वाचता येतात, पण शब्द फसवतात. 'शिक्षा' म्हणजे तिथे शिक्षण, 'ज्वरो' ताप, 'झाडापखाला' जुलाब. पाकिटावर शब्दांऐवजी सूर्य आणि चंद्र काढा आणि गोळी देताना विचारा, 'घरमा गएर कसरी खानुहुन्छ, मलाई भन्नुस् त' (घरी गेल्यावर कशी घेणार, मला सांगा बरं). रुग्णाने बरोबर सांगेपर्यंत पुढच्याला बोलवू नका.

शेवटच्या दुपारी तपासणी बंद ठेवा. ज्यांना पुन्हा बघायला हवं त्यांची यादी करा: नाव, टोल (म्हणजे वस्ती), घरातला फोन, काय करायचं आणि कधी. एक प्रत चौकीत, एक त्या टोलाच्या स्वयंसेविकेकडे, एक पालिकेत. यादी स्वयंसेविकेबरोबर मोठ्याने वाचा. कोणाचं घर कुठे, कोण पुढच्या आठवड्यात कामासाठी भारतात निघणार आहे, हे तिलाच माहीत असतं. तसा शेरा नावापुढे लगेच लिहून घ्या.