आरमधलं ‘ॲप्लाय’: मार्जिन म्हणजे उत्तरात उरणारं डायमेन्शन

आर या प्रोग्रामिंग भाषेतलं ‘ॲप्लाय’ एकच फंक्शन ॲरेच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे स्लाइसवर, चालवतं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: ॲरे (रो, कॉलम अशा एक किंवा अधिक डायमेन्शनमध्ये, म्हणजे मितींमध्ये, रचलेले आकडे), मार्जिन (डायमेन्शनचा क्रमांक) आणि फंक्शन. ॲरेऐवजी डेटाफ्रेम, म्हणजे कॉलमागणिक वेगळ्या प्रकारचा डेटा असलेला तक्ता, मात्र देऊ नका. त्यात एक जरी कॉलम अक्षरांचा असला तरी सगळे आकडे मजकूर होऊन बसतात.

‘1 म्हणजे रो, 2 म्हणजे कॉलम’ हे पाठांतर आधी सोडा. तिसरं डायमेन्शन आलं की ते कामाचं नाही. मार्जिनमध्ये लिहिता ते उत्तरात उरतं, बाकीचं फंक्शनच्या पोटात जातं. आरसोबतच येणारा ‘टायटॅनिक’ ॲरे घ्या. त्यात चार डायमेन्शन आहेत: वर्ग, लिंग, वय, वाचले की नाही. मार्जिन 1 देऊन ‘सम’ (बेरीज) चालवलं की 325, 285, 706 आणि 885 येतात, म्हणजे तीन वर्गांचे प्रवासी आणि जहाजावरचे कर्मचारी. मार्जिन 1 आणि 4 दिलं की वर्गवार मृत्यू दिसतात: पहिल्या वर्गात 122 गेले, 203 वाचले, तिसऱ्यात 528 गेले, 178 वाचले. पायथनच्या नमपाय लायब्ररीवरून आलेल्यांनी जपावं, तिथे ‘ॲक्सिस’ म्हणजे नाहीसं होणारं डायमेन्शन.

खरा घात पुढे आहे. फंक्शन एकच आकडा देत असेल तोवर सगळं सुरळीत चालतं. ते अनेक आकडे देऊ लागलं की आर प्रत्येक स्लाइसचं उत्तर उभं, कॉलम म्हणून रचतो. वरच्या 4 बाय 2 टेबलावर मार्जिन 1 देऊन ‘प्रॉप डॉट टेबल’ (आकड्यांचं प्रमाण काढणारं फंक्शन) चालवा, हाती 2 बाय 4 येईल. वर्ग आता कॉलममध्ये गेले.

मी यात पुरता फसलो होतो. 12 वर्षं, 12 महिने, पावसाचं मॅट्रिक्स. ‘ॲप्लाय’नेच दर वर्षाच्या रोमधून त्या वर्षाची सरासरी वजा केली. चौकोन सारखाच, एरर नाही, म्हणून पुढचं सगळं काम त्याच्यावरच रचलं. मग महिनावार सरासरी काढली तर जानेवारीही शून्य आणि जुलैही शून्य! मी ज्यांना महिने समजत होतो, ती वर्षं होती. दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं.

म्हणून रो आणि कॉलमना नावं दिल्याशिवाय ‘ॲप्लाय’ चालवूच नका. उत्तर आलं की ‘डिम’ने त्याचा आकार बघा, रो आणि कॉलम सारखेच असतील तर नावंही बघा, आणि आडवं-उभं बदललं असेल तर ‘टी’ने उलटवा. दोनहून जास्त डायमेन्शन असतील तर त्यांचा क्रम बदलणारं ‘एपर्म’. रचनाच नको असेल तर आर 4.1.0 पासून ‘सिम्प्लिफाय’ फॉल्स ठेवता येतं, मग सरळ लिस्ट मिळते.

नुसती बेरीज किंवा सरासरी हवी असेल तर ‘रोसम्स’ (रोची बेरीज), ‘कॉलमीन्स’ (कॉलमची सरासरी) वापरा. ते वेगवानही आहेत.