बालवाडीत हाताने करायच्या अॅक्टिव्हिटीज: ट्रे नीट लावा आणि मग गप्प बसा

बालवाडीत अॅक्टिव्हिटी घ्यायची म्हटलं की लोक आधी आयडिया शोधत बसतात, आणि आयडिया तर ढीगभर सापडतात, पण वर्गात घोळ होतो तो आयडिया वाईट असते म्हणून नाही तर मांडणी नीट नसते म्हणून. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना रोज काहीतरी नवीन लागतं असं काही नाहीये. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला त्यांना आवडतं, कंटाळतो तो आपण. म्हणून इथे मोजक्याच अॅक्टिव्हिटीज सांगतेय पण त्या लावायच्या कशा ते जरा सविस्तर.

सगळ्यात आधी पाणी ओतणं. एक कडा असलेला ट्रे, त्यात हँडल असलेले दोन छोटे जग, दोन्ही एकाच मापाचे आणि शक्यतो पारदर्शक, आणि एक छोटा स्पंज, बस. डावीकडचा जग अर्धाच भरायचा, कारण काठोकाठ भरला की पहिल्याच झटक्यात सांडतो आणि मूल बिचकतं. डावीकडून उजवीकडे ओतायचं, वाचताना डोळे त्याच दिशेने जातात म्हणून तीच सवय. दाखवताना बोलायचं नाही हे फार महत्त्वाचं, तोंड आणि हात एकदम चालले की मूल तोंडाकडे बघतं आणि हात राहून जातात. हळू ओता, शेवटचा थेंब पडेपर्यंत थांबा, ट्रेमध्ये सांडलेलं स्पंजने पुसा, स्पंज पिळा, मग ट्रे मुलाकडे सरकवा. स्पंज हा साफसफाईचा भाग नाही बरं का, तो अॅक्टिव्हिटीचाच भाग आहे, पिळताना अख्ख्या पंजाला व्यायाम होतो आणि काही मुलं तर पिळण्यासाठीच मुद्दाम सांडतात. सांडू द्या.

पाणी फारच होतंय असं वाटलं तर आधी मोठे मणी ओतायला द्या, मग पाणी, मग एका जगातून दोन ग्लासांत, मग ग्लासवर रंगीत टेप लावून “इथपर्यंतच”. हा टेपवाला टप्पा मुलांना जाम आवडतो. मारिया माँटेसरींनी १९०७ मध्ये रोमला पहिलं बालगृह सुरू केलं तेव्हापासून त्यांच्या पद्धतीत हीच गोष्ट आहे, चूक दाखवायचं काम साहित्याने करायचं, टीचरने नाही. पाणी सांडलं की मुलाला दिसतंच की, आपण “अरे अरे” करायची गरज काय?

एकच गोष्ट कडक ठेवा, काम झालं की टब, बादल्या लगेच रिकाम्या करायच्या. लहान मूल दोन इंच पाण्यातसुद्धा बुडू शकतं, त्यामुळे “नंतर ओतते” हे चालणार नाही.

आता प्ले डो. विकतचा आणा नाहीतर घरी करा, दोन कप मैदा, एक कप मीठ, चमचाभर तेल आणि कोमट पाणी थोडं थोडं घालत पाऊण ते एक कप, कानाच्या पाळीइतकं मऊ झालं की थांबायचं. हवाबंद डब्यात ठेवायचं आणि वास किंवा बुरशी आली की सरळ टाकून द्यायचं. वर्गात कुणाला गव्हाची अॅलर्जी आहे का ते पालकांना आधी विचारून घ्या, आणि मीठ भरपूर असतं म्हणून खाऊ देऊ नका. साचे पहिल्या दिवशी बाहेर काढू नका हं. साचा दिला की मूल दाबतं, काढतं, दाबतं, काढतं, संपलं. नुसता गोळा दिला तर ते लाटतं, चिमटे काढतं, साप करतं, सापाचा साप करतं. बोटांची ताकद तिथे येते आणि पेन्सिल धरायला पुढे तीच ताकद लागते.

कात्रीची सुरुवातही कागदाने करण्यापेक्षा या सापाने करा. कागद लवलवतो, डोचा साप जागचा हलत नाही, एका कचक्यात तुकडा पडतो आणि मुलाला कळतं की जमलं. मग जाड कागदाच्या अरुंद पट्ट्या, ज्या एका कापात तुटतील, आणि रेषेवर कापणं बऱ्याच नंतर, साधारण चार वर्षांच्या आसपास. अंगठा वर, कोपर अंगाशी, एवढंच सांगायचं. डावखुऱ्या मुलासाठी डावखुरी कात्री हवी, साध्या कात्रीत पाती उलटी पडतात, त्याला रेषा दिसत नाही आणि कागद दुमडतो, मग आपण म्हणतो याला कात्री जमत नाही.

वर्गीकरणाला बाटल्यांची टोपणं घ्या. मोठी, छोटी, वेगवेगळ्या रंगांची, एका ट्रेत सगळी एकत्र, बाजूला तीन रिकाम्या वाट्या. “रंगाप्रमाणे लाव” असं सांगू नका, नुसतं ठेवा आणि बघा. कुणी रंगाने लावेल, कुणी आकाराने, कुणी असा काही नियम काढेल की आपल्याला पत्ताच लागणार नाही. तेव्हा “हे इथे का ठेवलंस?” एवढं विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची, खरंच वाट बघायची, मनात पाच म्हणून होईपर्यंत तरी.

याच टोपणांनी आकडेही होतात. मुलाने बोट ठेवत “एक दोन तीन चार पाच” मोजलं की विचारा, “मग किती आहेत?” काही मुलं “पाच” म्हणतील आणि काही परत एकपासून मोजायला लागतील. परत मोजणाऱ्याला आकडे पाठ आहेत पण शेवटचा आकडा म्हणजेच एकूण, हे अजून बसलेलं नाही. त्याला चूक म्हणू नका, “मला तीन टोपणं आणून दे” हा खेळ रोज खेळा, बसतं हळूहळू.

तरंगणं-बुडणं सगळ्यांना माहीत असतं म्हणून एकच सांगते, तेलकट प्लॅस्टिसिनचा, म्हणजे न वाळणाऱ्या रंगीत क्लेचा, गोळा पाण्यात टाका, बुडतो, मग त्याच गोळ्याची होडी करा, तरंगते. टाकायच्या आधी प्रत्येकाला अंदाज विचारायचा. प्ले डो मात्र घेऊ नका, विरघळून चिखल होतो.

अक्षरांची घाई नको. केलीच तर सँडपेपरचं अक्षर पुठ्ठ्यावर चिकटवून दोन बोटांनी गिरवायला द्या आणि अआइई पासूनच सुरू केलं पाहिजे असं काही नाही, ग म भ न चालतं, वळणं सोपी आहेत.

सेफ्टीचं थोडक्यात. वस्तू टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून आरपार जात असेल तर ती तीन वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही. पाण्यात फुगणारे मणी, छोटी मॅग्नेट आणि बटण सेल तर वर्गात नकोतच, पोटात गेले की प्रकरण थेट ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं.

आणि आपण काय करायचं? खरं सांगायचं तर कमी. “वा छान!” हे प्रत्येक वाक्याला लावलं की मूल ट्रेऐवजी आपल्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. त्यापेक्षा जे दिसतंय ते बोला, “तू आधी सगळी निळी वेगळी काढलीस” किंवा “पाणी टेपच्या वर गेलं”. गर्दीचं म्हणाल तर पाण्याच्या टेबलावर चारच एप्रन लटकवा, एप्रन असेल तर जागा आहे, नसेल तर दुसरीकडे, भांडण बरंच कमी होतं.

दर सोमवारी सगळे ट्रे बदलायचा नियम कुठून आला कोण जाणे. दोन-तीन दिवस ज्याला कुणी हात लावला नाही तो उचला, ज्याच्यावर रांग लागतेय तो तसाच राहू द्या आणि त्यात एकच गोष्ट वाढवा, जगाशेजारी एक फनेल, टोपणांशेजारी एक चिमटा.