तालुक्याच्या गावात टेक मेळावा घेताय? निदान या चुका टाळा

सातारा, कराड, सांगली, मिरज, विटा, कुठल्याही गावच्या मेळाव्याची निमंत्रणपत्रिका हातात घ्या. प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक, निमंत्रक, सहनिमंत्रक धरून चौदा-पंधरा नावे असतात. इंटरनेट कुठून येणार, किती माणसे एका वेळी बसणार आणि त्यांचे लॅपटॉप कुठल्या सॉकेटला लागणार, हे मात्र आयोजकांनाही ठाऊक नसते. शाल-श्रीफळाची यादी महिनाभर आधी तयार होते आणि वायफायचा पासवर्ड आदल्या रात्री शोधला जातो. पुढच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

सातव्या माणसाचे खाते उघडत नाही

विकिपीडिया कार्यशाळेत हा घोटाळा जवळजवळ ठरलेला. संगणक कक्षात चाळीस मुले बसली, "आता सगळ्यांनी खाते उघडा" अशी सूचना झाली, पहिल्या सहा जणांची खाती झाली. सातव्यापासून नकार यायला लागतो. मग मार्गदर्शक म्हणतात, पासवर्ड सोपा झाला असेल. कोणी ब्राउझर बदलायला लावतो, कोणी हिस्टरी पुसायला, कोणी संगणकच बंद-चालू करायला. अर्धा तास जातो, पाहुणे घड्याळ पाहतात, मागच्या रांगेत रील सुरू होतात.

पासवर्डचा याच्याशी काही संबंध नसतो. विकिपीडियावर एका आयपी पत्त्यावरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) २४ तासांत ६ खातीच उघडता येतात. उपद्रवी लोकांनी खात्यांचा पाऊस पाडू नये म्हणून ठेवलेली ही मर्यादा आहे. कक्षातले चाळीस संगणक आत चाळीस असले तरी बाहेरच्या जगाला ते एकाच पत्त्यावरून आलेले दिसतात. ब्राउझर बदलून पत्ता बदलत नाही. मोबाईल डेटावर गेले तरी भरवसा नाही, कारण मोबाईल कंपन्या एकाच पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. त्या पत्त्याचा कोटा कोणीतरी सकाळीच संपवलेला असतो, किंवा दुसऱ्याच कोणाच्या करामतीमुळे तो पत्ता प्रतिबंधित असतो.

यावर निघणारी पळवाट तर आणखी वाईट. "असू दे, कॉलेजच्या नावाने एकच खाते उघडू आणि सगळे त्यावरूनच लिहू." संस्थेच्या नावाचे खाते, त्यावर पस्तीस हात, आणि सगळे एकाच लेखावर. एकाने जतन केले की दुसऱ्याला संपादन संघर्षाची सूचना येते, तो वैतागून आपलाच मजकूर वरून चिकटवतो, पहिल्याचे काम पुसले जाते. बाहेरून पाहणाऱ्या प्रचालकाला, म्हणजे विकिपीडियावर देखरेख ठेवणाऱ्या सदस्याला, दिसते ते इतकेच, की एक खाते मिनिटाला दोन-तीन वेळा लेख उलटापालटा करते आहे. तो खाते बंद करतो, आणि बरोबर करतो. संध्याकाळी मग "मराठी विकिपीडियावर नव्यांना कसे वागवतात बघा" अशी पोस्ट पडते.

उपाय सरळ आहे, पण तो आठवडाभर आधी करायचा असतो. नावनोंदणीच्या अर्जात "विकिपीडियावरील सदस्यनाव" हा रकाना सक्तीचा ठेवा. घरून उघडलेले खाते घेऊनच माणूस येईल. ज्याला हे दोन मिनिटांचे काम जमत नाही, तो बहुतेक वेळा दुपारच्या जेवणानंतरही थांबत नाही, त्यामुळे यादी आपोआप गाळली जाते. दुसरी वाट म्हणजे विकिपीडियाकडे मर्यादा तात्पुरती उठवण्याची विनंती. त्यात तारीख, सुरू-बंद होण्याची वेळ, अंदाजे माणसे, कोणता विकी आणि जागेचा सार्वजनिक आयपी पत्ता द्यावा लागतो. इथे आणखी एक ठरलेली चूक: लोक १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता लिहून पाठवतात. तो इमारतीच्या आतला पत्ता, बाहेर त्याला अर्थ नाही. त्याच जागेवर, त्याच जोडणीवर बसून ब्राउझरमध्ये "माझा आयपी पत्ता" शोधा आणि जो दिसेल तो द्या. यातले काहीच झाले नसेल, तर एखाद्या प्रचालकाला त्या वेळेपुरते ऑनलाइन राहायला सांगून ठेवा, तो खाती उघडून देऊ शकतो. पण हे दिवस उजाडल्यावर फोन करून सांगायचे नसते.

चाळीस जणांनी एकदम डाउनलोड करणे

ॲप बनवण्याच्या कार्यशाळेत सुरुवातच "हे सॉफ्टवेअर उतरवून घ्या" अशी झाली की दिवस गेला म्हणून समजा. हिशेब करा. प्रत्येकी १ जीबी, माणसे ४०, म्हणजे ४० जीबी. ५० एमबीपीएसची जोडणी पूर्ण वेगाने चालली तरी पावणेदोन तास. ती पूर्ण वेगाने चालत नाही. फोनचा हॉटस्पॉट तर साधारण दहा जोडण्यांवर मान टाकतो, आणि घरगुती राउटर पंचवीस-तीसच्या पुढे रडायला लागतो.

पाच-सहा पेनड्राइव्ह आदल्या दिवशी भरून ठेवा. एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, तेव्हा आधी एक्सफॅट करून घ्या. नाहीतर कॉपी शेवटाला येऊन अडकते आणि दोष पेनड्राइव्हला जातो. विकिपीडिया नुसता वाचून दाखवायचा असेल तर किविक्स या ॲपवर ऑफलाइन प्रत चालते, नेट लागतच नाही.

विजेचेही तसेच. साधा लॅपटॉप ६५ वॅट धरला तर तीस लॅपटॉप १९५० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला साडेआठ अँपिअर. भिंतीतले साधे सॉकेट ६ अँपिअरचे. त्यात एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडून माळ लावली आणि कोणीतरी कोपऱ्यात चहाची विजेची किटली लावली (ती एकटीच १५०० वॅट), की एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा खटका) पडलाच. एका ६ अँपिअरच्या सॉकेटवर दहा-बारा लॅपटॉपच्या वर जाऊ नका, बोर्ड वेगवेगळ्या सर्किटवर वाटा, आणि रीळवाली केबल पूर्ण उलगडा. गुंडाळलेली केबल तापते. चहा गॅसवर करा, चांगलाही होतो.

प्रमाणपत्रावर "कुर्हाडे"

सगळ्यात स्वस्तात टाळता येणारी आणि सगळ्यात जास्त दुखावणारी चूक ही. पोराने दोन दिवस जागून प्रकल्प केला, आईवडील सांगलीला खास आले, आणि मंचावर हातात पडलेल्या सन्मानचिन्हावर आडनाव चुकलेले. छपाईवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. त्याच्याकडे काय गेले होते ते आधी पाहा.

"कुऱ्हाडे" हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र चंद्रकोरीसारखा हवा. तो येण्यासाठी ऱ, हलन्त, ह असे टंकावे लागते, किंवा र आणि हलन्त यांच्यानंतर न दिसणारे एक जोडचिन्ह. घाईत साधा र, हलन्त, ह असे टंकले की रफार होतो आणि "कुर्हाडे" उमटते. काही जण जोडचिन्ह घालून बरोबर लिहितात, पण मधले एखादे सॉफ्टवेअर ते न दिसणारे चिन्ह फालतू समजून गाळून टाकते. पडद्यावर बरोबर दिसलेले नाव कागदावर चुकते ते असे.

दुसरा भाग दुकानातला. आपल्याकडच्या अनेक फ्लेक्सवाल्यांचे आणि ट्रॉफीवाल्यांचे काम अजून जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टवर चालते (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच क्रमांक देणारी पद्धत). तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेला युनिकोड मजकूर तिथे चिकटवला की चौकोन येतात, मग तो बिचारा वाचून हाताने टंकतो आणि नव्या चुका घालतो. फोटोशॉपमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसेल, तर "शिंदे" मधली पहिली वेलांटी श च्या उजवीकडे जाऊन बसते. जुन्या फॉन्टमध्ये "ॲ" हे अक्षरच नसते, कारण ते युनिकोडमध्ये २००८ साली आले. टेक कार्यक्रमाच्या फ्लेक्सवर "ॲप" च्या जागी "▯प" दिसणे यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? त्यात काही लोक अ ला चंद्र देऊन तेच अक्षर बनवतात. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. यादीत "ॲड." शोधले तर निम्मे वकील सापडतच नाहीत.

करायचे ते इतकेच. अर्जात नाव देवनागरीत ज्याचे त्यानेच लिहायचे, इंग्रजीवरून तुम्ही लिप्यंतर करायचे नाही. "Kadam" चा कदमच होईल, पण "Mane" आणि "Male" चे काय काय होते ते विचारू नका. सकाळी नोंदणीच्या टेबलावर यादीची छापील प्रत ठेवून प्रत्येकाची स्वतःच्या नावापुढे सही घ्यायची. छपाईला वर्ड फाइल किंवा व्हॉट्सॲप मजकूर द्यायचाच नाही, अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे त्यांचे नुसते आकार करून, पीडीएफ द्यायची. फॉन्टसाठी 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' किंवा 'बालू' वापरावेत, मोफत आहेत आणि जोडाक्षरे नीट जुळतात. आणि ट्रॉफीवर विजेत्याचे नाव आधी कोरून ठेवू नये. पट्टी वेगळी करून घ्यावी, निकालानंतर चिकटवावी. आधी कोरलेली नावे पाहिली की निकालही आधीच लागला होता अशी कुजबुज होते, आणि ती नेहमीच खोटी असते असे नाही.

पुरस्कार कशाला देताय ते आधी ठरवा

निकष प्रवेशिका आल्यावर ठरवले की ते कोणाच्या तरी प्रवेशिकेच्या मापाने शिवले जातात. प्रवेश उघडण्याच्या दिवशीच निकष आणि गुण लिहून जाहीर करा. चालणाऱ्या गोष्टीला किती, प्रश्न खरा आहे त्याला किती, दुसऱ्याला पुढे नेता येईल अशा लिखाणाला किती. सादरीकरणाला सगळ्यात कमी, नाहीतर वक्तृत्वस्पर्धा होते.

मोजायला सोपे म्हणून संख्येवर बक्षीस देऊ नका. मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावण्याच्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमाचे उदाहरण पुरेसे आहे. २०२० मध्ये फुकट टी-शर्टसाठी जगभरातून निरर्थक पुल रिक्वेस्टचा (दुसऱ्याच्या प्रकल्पात सुचवलेल्या बदलांचा) असा लोंढा आला की आयोजकांना ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच नियम बदलावे लागले, आणि फक्त स्वतःहून सहभागी झालेले प्रकल्पच धरायचे ठरले. "सर्वाधिक लेख" असा विकी पुरस्कार ठेवला की इथेही तेच होते. दोन ओळींचे गावांचे लेख, सगळे एकाच साच्यातले, आणि साफ करायला पुढे तीन महिने. लाइकवर पुरस्कार दिला तर ज्याची भावकी मोठी तो जिंकतो. लोकांची पसंती हवीच असेल तर ती वेगळी ठेवा, मुख्य निकालात मिसळू नका.

परीक्षणाची वेळ कोणी मोजत नाही. २४ संघ, प्रत्येकी ८ मिनिटे, सगळे मंचावर: ३ तास १२ मिनिटे. माइक हातातून हातात जाईपर्यंत चार तास. त्यापेक्षा संघांना टेबले द्या आणि परीक्षकांना फिरवा. प्रत्येक प्रकल्प तीन परीक्षकांनी पाहायचा असेल तर ७२ भेटी होतात, सहा परीक्षक असतील तर प्रत्येकी १२, म्हणजे तासदीड तास. गुणांची थेट बेरीजही करू नका. एक परीक्षक साठ ते सत्तरमध्ये खेळतो, दुसरा ऐंशीच्या खाली उतरत नाही, आणि कडक परीक्षकाच्या वाट्याला आलेले संघ विनाकारण मरतात. प्रत्येकाने पाहिलेल्या प्रकल्पांचा आपापला क्रम लावायचा आणि क्रम जुळवायचे. ज्या परीक्षकाचा विद्यार्थी किंवा भाचा स्पर्धेत आहे त्याने तो संघ पाहायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत तोंडावर बोलायचे. नंतर बोलले की भांडण होते.

रोख बक्षीस जाहीर करताना पैसे खात्यात असावेत. "प्रायोजक देणार आहेत" हे पैसे नव्हेत.

बाकीच्या, थोडक्यात

तारीख: २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन म्हणून सगळ्यांना तोच दिवस हवा असतो, आणि तेव्हा बारावीची परीक्षा चालू असते. कॉलेज हॉल मिळत नाही, मिळाला तर पोरे येत नाहीत. जानेवारीत १४ ते २८ मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो, तो बरा. सांगलीत जुलै-ऑगस्ट नकोच. आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४० फुटांची इशारा पातळी गाठायला लागले की तुमचा हॉल निवारा केंद्र होऊ शकतो, आणि ते योग्यच आहे. कराडात २५ नोव्हेंबरला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या पुण्यतिथीची गर्दी असते, त्या दिवशी गाडी लावायलाही जागा शोधू नका.

मजकूर: परवाना न पाहता उचललेला मजकूर चालत नाही. विश्वकोशाचे काम वाईत चालते म्हणून तो सातारकरांच्या घरचा होत नाही. विकिस्रोतावर (विकिपीडियाच्या भावंड ग्रंथालयावर) पुस्तक चढवण्याआधी लेखकाचे मृत्यूवर्ष पाहा, भारतात त्यानंतर ६० वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) असतो. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांचे निधन १९६९ चे, म्हणजे त्यांच्या हयातीत निघालेली पुस्तके १ जानेवारी २०३० ला मोकळी होतील. त्याआधी उत्साह आवरा.

प्रोजेक्टर: नव्या लॅपटॉपला यूएसबी-सी, हॉलच्या प्रोजेक्टरला व्हीजीए. दोन्हीकडचे अडॅप्टर पिशवीत असू द्या, आणि टर्मिनलची (आज्ञा टंकायच्या खिडकीची) अक्षरे शेवटच्या खुर्चीवर बसून वाचून पाहा.

उद्घाटन: काम दहाला सुरू करा, पाहुण्यांना बाराची वेळ द्या. ते येतील तेव्हा पडदे चालू असतील, वीस मिनिटांत दीपप्रज्वलन आणि चार शब्द, मग जेवण. समई पंख्याखाली ठेवू नका.

निघताना प्रत्येक संगणकावर फिरून खाती लॉगआउट करा, ब्राउझरने जतन केलेले पासवर्डही पुसा. नाहीतर सोमवारच्या प्रॅक्टिकलला बसलेले पोर तुमच्या विजेत्याच्या खात्यावरून गावच्या लेखात स्वतःचे नाव घालते, आणि उलगडा व्हायला आठवडा लागतो.