डेव्हिल्स लेकला निघण्याआधी

आई-बाबा भारतातून आलेले असोत की मुलांना सुट्टी लागलेली असो, शिकागोकडची मराठी घरं उन्हाळ्यात तीनेक तास गाडी हाणून विस्कॉन्सिनमधल्या डेव्हिल्स लेक स्टेट पार्कला जातात. खाण्याच्या डब्यांची काळजी करायला कुणी सांगावं लागत नाही. दशम्या, चिवडा, थर्मासमधला चहा सगळं आपसूक भरलं जातं. माझा आग्रह आहे तो लाइफ जॅकेटचा. इथल्या काठांवर जीवरक्षक नसतात. पोहता न येणाऱ्या प्रत्येकासाठी, मोठ्यांसाठीसुद्धा, मापाचं जॅकेट घ्या आणि घरीच घालून बघा: खांद्याला धरून वर ओढलं की हनुवटीपर्यंत सरकत असेल, तर ते मोठं होतंय. मुलं पाण्यात असताना त्यांच्यावर नजर कोण ठेवणार, हे नाव घेऊन ठरवा. ‘सगळेच बघतायत’ म्हणजे कुणीच बघत नाही.

टॉवेल माणशी एक हवाच. तळ्यातल्या गोगलगायींमधून निघणारे सूक्ष्म परजीवी अंगाला चिकटले की खाज सुटते, बारीक पुरळ येतं. पाण्यातून बाहेर आल्या आल्या, अंगावरचं पाणी वाळायच्या आत, खसखसून पुसलं की त्रास बराच टळतो.

मग बूट. तळ्याभोवतीचे जांभळट-गुलाबी क्वार्ट्‌झाइटचे कडे पाण्यापासून सुमारे ५०० फूट उंच आहेत. बॅलन्स्ड रॉक या तोल साधून उभ्या असलेल्या शिळेकडे जाणारी वाट म्हणजे दगडी पायऱ्यांची खडी चढण, कठड्याशिवाय. आणि हा दगड ओला झाला की चांगलाच निसरडा होतो. चपला, सँडल काठावरच ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांना पश्चिम काठाची टंबल्ड रॉक्सची वाट सुचवा: पाण्याला लागून, कोसळलेल्या शिळांमधून, फारशी चढण नसलेली. वर जाणाऱ्यांनी माणशी किमान लिटरभर पाणी पाठीवर घ्यावं. पायमोजे लांब असावेत, कीटकांना दूर ठेवणारा फवारा सोबत असावा, आणि परतल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड शोधावी. गोचीड चावून पसरणारा लाइम रोग इथे खरोखर होतो.

गाडीला प्रवेशाचं स्टिकर लागतं, इलिनॉयच्या नंबरप्लेटला ते महाग पडतं. शनिवार-रविवारी पार्किंग लवकर भरतं, त्यामुळे पहाटे निघा. तंबू ठोकायचा असेल तर जागा अकरा महिने आधीपासून आरक्षित करता येते, आणि उन्हाळ्यातले वीकेंड उरत नाहीत. शेकोटीसाठी घरचं लाकूड नेऊ नका, त्यातून झाडांची कीड पसरते. तिथेच विकत घ्या. रात्री डबे गाडीत बंद ठेवा, रॅकून नावाचे रानटी प्राणी झाकणं उघडतात.

हो-चंक या इथल्या मूळ अमेरिकन लोकांसाठी हे तळं पवित्र आहे. म्हणून कचऱ्यासाठी दोन-तीन मोठ्या पिशव्या सामानात वरच ठेवा, आणि संत्र्याची सालंसुद्धा त्यातूनच परत आणा.