मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधायचं मशीन) घेऊन निघण्याआधी बॅगेत काय काय भरायचं

सगळ्यात आधी एक सांगतो, या यादीत मशीनचा नंबर बराच खाली आहे. नवीन माणूस पहिला प्रश्न हमखास "कोणता डिटेक्टर घेऊ" हाच विचारतो, आणि बॉक्स घरी आला की दुसऱ्या दिवशी दिसेल तिथे माती उकरायला सुटतो. माझी बॅग मात्र एका कागदापासून भरायला लागते. परवानगीचा कागद. जमीन ज्याची आहे त्याची लेखी सही, आणि त्याच कागदावर दोन ओळीत हेही लिहून घ्यायचं की काही किमती निघालं तर ते कोणाचं आणि कसं वाटून घ्यायचं. वस्तू निघण्याआधी हे बोलायला कसंतरीच वाटतं, पण वस्तू निघाल्यावर बोलायला गेलात तर चांगली चांगली मैत्री तुटते.

मालकाची परवानगी आहे म्हणजे कायद्याची पण झाली असं नाही हां. हे प्रत्येक देशात वेगळं आहे, त्यामुळे जिथे फिरणार तिथला नियम आदल्या आठवड्यातच वाचून ठेवायचा. इंग्लंडमध्ये 1996 चा ट्रेझर ॲक्ट आहे, 300 वर्षांपेक्षा जुनी आणि किमान 10 टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू (सुटं एकटं नाणं सोडून) सापडली तर 14 दिवसात कॉरोनरला (अशा वस्तूंची चौकशी करणारा सरकारी अधिकारी) कळवावं लागतं. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधायला डिटेक्टर वापरायचा तर आधी सरकारची संमती लागते. अमेरिकेत केंद्र सरकारच्या जमिनीवर 100 वर्षांच्या वरच्या पुरातत्त्वीय वस्तूंना परमिटशिवाय हात लावता येत नाही, तो कायदा 1979 चा. आणि भारतात अजूनही 1878 चा निखात निधी कायदा चालतो, जमिनीत दडलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही मिळालं तर कलेक्टरला लेखी कळवायचं, लपवलं तर जेल. दहा रुपये वाचून हसू येतं, पण कायदा तोच आहे. संरक्षित स्मारकं, किल्ले, उत्खननाच्या जागा, यांच्या आसपास मशीन घेऊन फिरायचंच नाही, कुठल्याही देशात.

कागद झाला की जागेचा अभ्यास. जुने नकाशे, बुजलेल्या विहिरी, नदी ओलांडायचे उतार, जत्रा आणि बाजार भरायच्या जागा. माणसं जिथे थांबतात, वाकतात, पैसे मोजतात तिथेच वस्तू पडतात, एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच झालं.

आता मशीन. मिनलॅब असो, गॅरेट असो, नोक्ता असो, पहिले दोन आठवडे बाहेर काढायचंच नाही. घरच्याच मातीत एक नाणं, एक खिळा, एक ॲल्युमिनियमचा तुकडा, एक जुनी अंगठी असं 5, 10, 15 सेंटीमीटरवर पुरायचं आणि कान तयार करायचा. स्क्रीनवर येणारा नंबर म्हणजे वस्तूचं नाव नाही, विजेच्या वहनाचा आणि आकाराचा मिळून एक अंदाज आहे तो, आणि प्रत्येक कंपनीची मोजपट्टी वेगळी. गंमत म्हणजे पातळ सोन्याची अंगठी, चॉकलेटची चांदी आणि कॅनचं टोपण हे तिन्ही जवळपास एकाच नंबरावर बोलतात, म्हणजे कचरा नको म्हणून तो पट्टा बंद केलात तर सोनं पण बंद. वाकडा खिळा किंवा मोठा गंजका पत्रा कधी कधी चांदीसारखा गोड आवाज देतो, तेव्हा 90 अंशात फिरून दुसऱ्या दिशेने कॉइल (मशीनच्या खालच्या टोकाची गोल चकती) फिरवायची, लोखंड असेल तर आवाज बहुतेक तुटतो. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीतल्या खनिजांवर मशीन ओरडू नये म्हणून करायची जुळणी, प्रत्येक नव्या जागी नव्याने करायचा. खाऱ्या ओल्या वाळूवर सिंगल फ्रिक्वेन्सीचं (एकाच लहरीवर चालणारं) साधं मशीन नुसतं बडबडत राहतं, तिथे मल्टी फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक लहरींवर चालणारं) किंवा पल्स इंडक्शनवालं (विजेचे छोटे ठोके सोडणारं) लागतं. कॉइल जमिनीला समांतर, हळू, आणि प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवून. घाई करणाऱ्याच्या कॉइलखालून निम्मं तसंच निघून जातं.

बूट साधे घ्यायचे, पुढे स्टीलची टोपी असलेले नकोत, आणि मोबाईल कॉइलपासून लांबच्या खिशात. हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फालतू वाटलं होतं. पण 1881 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला ग्रॅहम बेलने असंच यंत्र बनवून आणलं होतं, तर म्हणतात पलंगातल्या स्टीलच्या स्प्रिंगांनी सगळा घोळ घातला, शिवाय डॉक्टरांनी एकच बाजू तपासू दिली आणि गोळी दुसऱ्याच बाजूला होती. तेव्हा आपल्या बुटाचं काय घेऊन बसलात.

बाकी सामान पटापट सांगतो. हेडफोन, जास्तीची बॅटरी किंवा पॉवर बँक, पिनपॉइंटर (खड्ड्यात वस्तू नेमकी कुठे आहे ते दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर, हा नसला तर मातीत बोटं फिरवत दुपार जाते), एका बाजूला दाते असलेलं मजबूत हातखुरपं, जाड हातमोजे, पाणी, प्रथमोपचाराचं पाकीट, एक जुनी चादर. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते आठवून बघा, आठवत नसेल तर आधी डॉक्टर मग शेत. चादर कशाला तर माती गवतावर न टाकता चादरीवर टाकायची आणि जाताना सगळी परत खड्ड्यात. गवत असेल तर तीन बाजूंनी कापायचं, चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवून ढेप उलटायची, वस्तू काढून झाली की झाकण लावल्यासारखी परत बसवून पायाने दाबायची. दुसऱ्या दिवशी मालकाला खड्डा कुठे होता ते दिसलं नाही पाहिजे. आणि कचऱ्यासाठी वेगळी पिशवी, निघालेला प्रत्येक खिळा, तार, टोपण घेऊनच परत यायचं, नाहीतर पुढच्या वेळी तोच खिळा परत तुम्हालाच हाक मारणार.

एक वस्तू मात्र कधीच उचलायची नाही. लांबट, जड, गंजलेली, टोकाला पंख किंवा कडी असलेली वस्तू दिसली तर हात मागे. न फुटलेला तोफगोळा किंवा बॉम्ब शंभर वर्षांनी पण फुटू शकतो. जागेवर खूण करा, लांब जा, पोलिसांना फोन करा. फोटोसाठी जवळ जाऊ नका, प्लीज.

आता माझ्या मते बॅगेतली सगळ्यात महाग वस्तू, जी सगळ्यात स्वस्त पण आहे. वही, पेन्सिल, मार्कर आणि वीसेक छोट्या झिप बॅगा. प्रत्येक वस्तू वेगळ्या बॅगेत, बॅगेवर नंबर, वहीत त्याच नंबरापुढे तारीख, मोबाईलवरून जीपीएसचे आकडे, खोली किती, माती कशी, शेजारी काय निघालं, आणि वस्तू उचलायच्या आधी शेजारी पट्टी ठेवून एक फोटो. पेन नको, पाण्याने शाई पसरते. मी सुरुवातीला सगळं एकाच खिशात कोंबायचो. एकदा तीन बटणं आणि एक बक्कल घरी आलं आणि कुठलं बांधावरचं कुठलं विहिरीजवळचं काही सांगता येईना. चारही वस्तू अजून आहेत माझ्याकडे, पण त्यांना आता तोंड नाही.

होक्स्न गावाची गोष्ट यासाठीच सांगण्यासारखी आहे. 16 नोव्हेंबर 1992, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात एरिक लॉस नावाचे गृहस्थ मित्राची हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन शेतात गेले आणि चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने, नाणी निघायला लागली. त्यांनी खणणं थांबवलं आणि कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी उरलेलं जागच्या जागी नोंदवत काढलं, म्हणून रोमन काळातली ती जवळपास 15000 नाणी आणि दागिने लाकडी पेटीत कसे रचले होते, भांड्यांच्या मध्ये गवत कसं घातलं होतं, हे सगळं आज माहीत आहे. हातोडी पण सापडली, ती सुद्धा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे! याच्या उलट जर्मनीतली नेब्राची आकाशचकती, म्हणजे सोन्याचे चंद्र-तारे बसवलेली कांस्याची चकती, साडेतीन हजार वर्षांपेक्षा जुनी. 1999 मध्ये बेकायदा खणणाऱ्यांनी हत्यार मारून तिची कड फोडली आणि लगेच विकून टाकली. 2002 मध्ये पोलिसांनी स्वित्झर्लंडमधल्या बासेलला सापळा लावून ती परत मिळवली, आणि मग ती खरंच कुठून निघाली हे मातीची तपासणी वगैरे करून सिद्ध करत बसावं लागलं. म्हणून एकाच खड्ड्यातून दुसरं तिसरं नाणं निघालं की खुरपं खाली ठेवायचं आणि फोन उचलायचा.

घरी आल्यावरची तयारी पण आधीच टेबलावर मांडून ठेवायची, कारण दमलेला माणूस उत्साहात वस्तू नळाखाली धरतो आणि टूथब्रश हातात घेतो. मी घेतला होता. तांब्याचं नाणं, वर छान गुळगुळीत हिरवा थर, मला वाटलं घाण आहे, घासला, आणि थराबरोबर अर्धी अक्षरं गेली. गंजात कधी कधी मूळ पृष्ठभागच शिल्लक असतो, खाली नुसती खडबडीत धातू. लिंबू, चिंच, व्हिनेगर, मेटल पॉलिश काही नाही. सुटी माती मऊ कोरड्या ब्रशने, बास. फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर तो तांब्याचा रोग आहे, क्लोराइड आणि ओलावा मिळून आतून खातात, अशी वस्तू सिलिका जेलबरोबर कोरड्या डब्यात वेगळी ठेवायची. पाण्याखालून किंवा चिखलातून निघालेलं लाकूड, चामडं मात्र ओलंच ठेवायचं, सुकलं की फाटतं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, पांढरी पावडर नाकात जाऊ द्यायची नाही.

वस्तू ओळखायला लागतात दोन दशांशाचा वजनकाटा, कॅलिपर (जाडी आणि व्यास मोजायचं साधन), भिंग, चुंबक आणि एक टॉर्च. टॉर्च वरून नाही मारायचा, बाजूने जमिनीलगत, म्हणजे झिजलेली अक्षरं सावलीने उठून दिसतात. घनतेची ट्रिक सोपी आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करायचं, वस्तू दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायची, तळाला टेकू द्यायची नाही, जो आकडा येईल तेवढे घन सेंटीमीटर, आणि कोरड्या वजनाला त्याने भागायचं. तांबं 9 च्या जवळ, चांदी 10.5, शिसं 11.3, सोनं 19.3. गंज असेल किंवा वस्तू पोकळ असेल तर आकडा फसवतो. शिशाची गोल गोळी असेल तर व्यास आणि वजन दोन्ही घ्या, साधारण 17.5 मिलिमीटर आणि 31–32 ग्रॅम म्हणजे मोठ्या तोंडाच्या मस्केटची (जुन्या काळची लांब नळीची बंदूक), त्यावर साच्याची शिवण आणि कापलेलं देठ दिसतं का बघा. चपटी असेल तर बहुतेक कुठेतरी आदळलीय, गोल असेल तर कोणाच्या तरी हातून पडलेली असू शकते.

नाण्यावर छाप अर्धवट आहे म्हणून नाणं तुटलंय असं समजू नका, हातोडीने पाडलेल्या नाण्यांत ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा किंवा सरकायचा. हिजरी (इस्लामी कालगणनेचं) साल वाचता आलं तर 0.97 ने गुणून 622 मिळवा, म्हणजे 1100 चं साधारण इसवी सन 1689. आणि कचरा पण तारीख सांगतो बरं का. ॲल्युमिनियम 1886 नंतर स्वस्त झालं, आजच्यासारखी झिप 1913 ची, ओढून फेकायची कॅनची टोपणं 1960 च्या दशकातली. न हललेल्या थरात नाण्याच्या खाली असं टोपण निघालं तर नाणं कितीही जुनं असो, तिथे ते टोपणानंतरच पडलंय.

शेवटची वस्तू म्हणजे एक डबा, त्यावर "माहीत नाही" लिहिलेला. त्यात माझ्याकडे दोन पितळी चकत्या कित्येक दिवस पडून होत्या, चिठ्ठीवर "बटण?" असं लिहिलेलं, मागे कडी नाही, भोक नाही, तरी बटणच म्हणायचो. नवा काटा आला तेव्हा सहज टाकून बघितल्या, एक दुसरीच्या जवळजवळ दुप्पट भरली. बटणं कशाला, कुठल्या तरी तराजूची वजनं होती ती. बॅग बदलली, चिठ्ठी तीच ठेवलीय.