एसयूव्हीसाठी ऑल-टेरेन टायर निवडताना: आधी आकडे, मग नक्षी

ऑल-टेरेन टायर घ्यायला गेलं की नजर आधी नक्षीवर जाते, मग साइडवॉलवरच्या, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरच्या पांढऱ्या अक्षरांवर. पण पुढची चार-पाच वर्षं टायर कसा वागणार हे त्याच साइडवॉलवरच्या बारीक आकड्यांवरून ठरतं, आणि ते दुकानात फारसं कुणी वाचत नाही. नक्षी शेवटी बघा, एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात.

त्याआधी, हा टायर खरंच हवा आहे का ते तपासा. एसयूव्हीचे टायर ढोबळमानाने तीन प्रकारचे. एचटी म्हणजे हायवेचा, एमटी म्हणजे चिखलाचा, आणि या दोघांच्या मधला एटी, म्हणजेच ऑल-टेरेन. मधला असल्यामुळे दोन्हीकडे थोडं सोडून द्यावं लागतं. डांबरावर तो एचटीपेक्षा जास्त आवाज करतो, वजनाने जड असतो, मायलेज थोडं खातो आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारल्यावर सहसा थोडा उशिरा थांबतो. पुणे-मुंबई येजा आणि वर्षातून एकदा फार्महाउसचा अर्धा किलोमीटर कच्चा रस्ता एवढंच काम असेल, तर चांगल्या नक्षीचा एचटी आणि योग्य हवा पुरते. वर्षातल्या किलोमीटरपैकी निदान पाचवा हिस्सा खडी, मुरूम, जांभ्याचे रस्ते किंवा घाटातल्या उखडलेल्या वाटांवर जात असेल, तर एटीचे पैसे वसूल होतात.

कुठल्या जमिनीवर तो काय करतो

मुरूम आणि सैल खडी हे एटीचं घरचं मैदान. नक्षीचे ठोकळे पकड घेतात आणि खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे अडकलेले खडे बाहेर ढकलतात. कोकणातला जांभा आणि सह्याद्रीतला काळा कातळ इथे प्रश्न पकडीपेक्षा कापले जाण्याचा असतो. फुटलेल्या कातळाची धार साइडवॉलला चिरते, आणि साइडवॉलची चीर पंक्चरवाल्याच्या हातात नसते. अशा भागात फिरणाऱ्यांनी नक्षीपेक्षा साइडवॉलचे थर जास्त बघावेत. ते कसे मोजायचे ते पुढे येतंच.

वाळूत एटी बऱ्यापैकी चालतो, कारण त्याचे ठोकळे एमटीसारखे वाळू खणत नाहीत. मात्र हवा कमी करावीच लागते. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवायला बंदी आहे, गुन्हे दाखल होतात. इतर ठिकाणीही आधी स्थानिक नियम विचारा, आणि भरतीची वेळही.

आता काळी माती. विदर्भ-मराठवाड्यातल्या पाणंद रस्त्यांवर जुलैत एटी टायर तुम्हाला वाचवेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते. एटीच्या खाचा काही मीटरमध्येच भरून जातात, आणि मग चाकाला नक्षी उरतच नाही. टायरने स्वतः माती झटकायची तर खाचा रुंद आणि खोल असाव्या लागतात. ते एमटीचं काम, आणि मुरलेल्या पावसात तोही हरतो. तिथे थांबणं किंवा ट्रॅक्टर, हे दोनच खरे पर्याय.

राहिला पावसाळी घाट. ताम्हिणी, आंबोली किंवा वरंधच्या ओल्या डांबरावर पकड येते ती ठोकळ्यांवरच्या बारीक चिरांमुळे, ज्यांना टायरवाले साइप म्हणतात. दुकानात टॉर्च लावून या चिरा किती खोल आहेत ते बघा. काही टायरांत त्या वरवरच्या असतात. टायर अर्धा झिजला की त्या गायब होतात आणि उरलेलं निम्मं आयुष्य टायर पावसात घसरतो. चिरा खाचेच्या तळापर्यंत जात असतील तर तो टायर दोन हजार रुपये महाग असला तरी घ्यावा.

साइझचं गणित

ड्रायव्हरच्या दारालगतच्या खांबावर किंवा मॅन्युअलमध्ये कंपनीने दिलेला साइझ आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. सुरुवात तिथून. समजा २५५/६५ आर १८ लिहिलंय, जसं महिंद्रा थारच्या १८ इंची रिमवर असतं. २५५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे साइडवॉलची उंची, रुंदीच्या टक्केवारीत: २५५ च्या ६५ टक्के म्हणजे साधारण १६६ मिमी. १८ हा रिमचा व्यास इंचांत, म्हणजे ४५७ मिमी. पूर्ण उंची काढायला साइडवॉल दुप्पट करून रिममध्ये मिळवा: सुमारे ७८९ मिमी.

मूळ उंचीपेक्षा तीन टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडू देऊ नका. टोयोटा फॉर्च्युनरचा २६५/६५ आर १७ धरा, उंची ७७६ मिमी. त्याजागी २६५/७० आर १७ टाकला की उंची ८०३ होते, फरक ३.४ टक्के. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०३ ते १०४ ने धावत असेल. गिअर लांब झाल्यासारखे वाटतील, चढावर ओढ कमी होईल, आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या लाइनरला घासण्याची शक्यता वाढेल. दिसायला गाडी भारी दिसते, यात वाद नाही.

उलट दिशेची युक्ती कमी लोक वापरतात आणि ती जास्त कामाची आहे. फॉर्च्युनरच्याच काही व्हेरिएंटना २६५/६० आर १८ येतो. त्याची उंची ७७५ मिमी, म्हणजे १७ इंचीपेक्षा जेमतेम एक मिमी कमी. पण साइडवॉल १५९ मिमी आहे, १७ इंचीवर ती १७२ होते. म्हणजे रिम लहान करून, स्पीडोमीटरला धक्का न लावता १३ मिमी जास्त रबर मिळतं. खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका कमी होतो आणि हवा कमी करायला जागा मिळते. अट एकच: ती लहान रिम कंपनीने त्याच मॉडेलला दिलेली असावी, नाहीतर ब्रेक कॅलिपरला अडते.

मारुती जिम्नीवाल्यांचा नेहमीचा प्रश्न म्हणजे १९५/८० आर १५ च्या जागी २१५/७५ आर १५ चालेल का. उंची ६९३ वरून सुमारे ७०४ मिमी होते, फरक दीड टक्का. गणितात बसतं. शिवाय हा बोलेरोचा साइझ असल्यामुळे तालुक्याच्या गावीही मिळतो, ही मोठी सोय. पण रिमची रुंदी त्या टायरला चालते का ते टायर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये बघून घ्या. मूळ साइझ सोडून काहीही बसवलं तर वॉरंटी आणि विम्याचा प्रश्न निघू शकतो. विमा कंपनीला लेखी विचारलेलं बरं.

साइझनंतरचे अंक आणि अक्षर

११२ एस, १०९ टी अशी जोडी साइझपुढे छापलेली असते. अंक म्हणजे एक टायर किती वजन पेलतो त्याचा निर्देशांक: १०० म्हणजे ८०० किलो, १०४ म्हणजे ९००, १०९ म्हणजे १०३०, ११२ म्हणजे ११२०. मूळ टायरच्या अंकाखाली कधीही जाऊ नका, दुकानदार कितीही ‘चालतंय’ म्हणाला तरी. अक्षर वेगाचं: क्यू म्हणजे १६०, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१० किमी प्रतितास. समृद्धी महामार्गावर मर्यादा १२० ची आहे, मग एच कशाला, असं वाटेल. पण हे अक्षर टायर किती उष्णता सहन करतो याचंही माप आहे, आणि विदर्भातल्या मे महिन्यात तासन्‌तास एकाच वेगाने पळताना तेच कामी येतं. मूळच्यापेक्षा खालचं अक्षर घेण्याआधी मॅन्युअलमध्ये तशी मुभा आहे का ते बघा.

साइझच्या आधी किंवा शेवटी एलटी लिहिलेलं असेल तर तो हलक्या ट्रकच्या बांधणीचा टायर. एकाच नावाचा एटी एका साइझमध्ये साध्या बांधणीचा आणि दुसऱ्या साइझमध्ये एलटी असू शकतो, त्यामुळे नावावर जाऊ नका. एलटी कापला जायला अवघड, पण प्रत्येक टायर काही किलो जास्त जड असतो. तेवढंच वजन पेलायला त्याला हवाही जास्त लागते. जुन्या सवयीने ३२ पीएसआयच (पीएसआय हे हवेच्या दाबाचं एकक) ठेवलं तर तो आतून तापतो. छतावर तंबू, मागे पाण्याचे कॅन आणि पाच माणसं घेऊन स्पितीला निघणाऱ्यांना तो शोभतो. शहरात फिरून महिन्यातून एकदा गडाच्या पायथ्याशी जाणाऱ्या थारला नाही. कंबर तुमचीच आहे.

आता थर. साइडवॉलवर रिमजवळ अगदी बारीक अक्षरांत ट्रेडमध्ये (रस्त्याला टेकणाऱ्या भागात) आणि साइडवॉलमध्ये किती थर आणि कशाचे ते लिहिलेलं असतं. साइडवॉलपुढे दोन पॉलिएस्टर असेल तर नेहमीचा टायर, तीन असेल तर कातळाच्या वाटांसाठी जास्त भरवशाचा. विक्रेता सांगतो तो ‘टेन प्लाय’ (प्लाय म्हणजे थर) हा वजनाचा दर्जा असतो. आत खरोखर दहा थर नसतात.

एम+एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) हे अक्षर बहुतेक एटीवर असतं. ते नक्षीच्या रचनेवरून कंपनी स्वतःच छापते. डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह मात्र बर्फावरच्या चाचणीनंतरच मिळतं. महाराष्ट्रात त्याचे जादा पैसे मोजू नका. हिमाचल-लडाखच्या हिवाळ्यात घट्ट बर्फावर तसाही साखळीचाच आधार लागतो.

विकत घेताना

आयएसआय चिन्ह बघा आणि साइडवॉलवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला टायर उत्तम. वर्षापेक्षा जुना असेल तर घासाघीस करा किंवा दुसरा मागा. पाचही टायरच्या तारखा जवळपासच्या असाव्यात. हो, पाच, कारण स्टेपनी वेगळ्या उंचीची असेल तर फोर-व्हील ड्राइव्ह लावल्यावर पुढच्या-मागच्या चाकांचा फेरा जुळत नाही आणि इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर ताण येतो.

जून २०२० पासून टायरची आयात ‘प्रतिबंधित’ यादीत आहे, परवान्याशिवाय माल येत नाही. त्यामुळे दोन वर्षांनी एक टायर कापला गेला तर तसाच दुसरा मिळेल का, हा प्रश्न आधीच विचारा. सीएट, एमआरएफ, अपोलो, जेके अशा देशात बनणाऱ्या एटीचा हा मोठा फायदा आहे. परदेशी टायर उजवा असला तरी सावंतवाडीत तो चार दिवसांनी मिळणार असेल तर उपयोग काय?

बसवताना जागेवर उभे राहा. साइडवॉलवर आउटसाइड लिहिलेली बाजू बाहेर आली का ते बघा. जुने रबरी व्हॉल्व्ह बदलून घ्या. बॅलन्सिंगमध्ये एका चाकाला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त शिसं लागत असेल, तर टायर रिमवर अर्धा फिरवून पुन्हा बसवायला सांगा. बऱ्याचदा वजन निम्म्यावर येतं. मग अलाइनमेंट. साइझ बदलला असेल तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पुढे आणि मागे, दोन्ही दिशांना गाडी चालवून बघा. मागे घेताना घासणारा टायर पुढे जाताना घासेलच असं नाही, आणि नेमकं तेच तपासायचं राहून जातं. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने पुन्हा कसा.

हवा

साध्या बांधणीचा आणि मूळ साइझचा टायर असेल तर दारावरचाच आकडा ठेवा, आणि तोही गाडी तीन तास उभी असताना मोजलेला. मग हायवेवर तासभर चालवून पुन्हा मोजा. चारेक पीएसआय वाढले तर बरोबर. सहाच्या वर वाढले तर सुरुवातीची हवा कमी होती, म्हणून टायर जास्त वाकला आणि तापला. दोनच वाढले तर हवा जास्त भरली होती. एलटीचा आकडा ठरवायलाही हीच पद्धत कामी येते.

मुरमाच्या लांब रस्त्यावर ३२ वरून २५ वर आणा, धक्के आणि पंक्चर दोन्ही कमी होतात. कातळावर त्याखाली फार जाऊ नका, कारण फुगलेली साइडवॉलच धारेवर येते. वाळूत १५ ते १८, वेग २०-३० च्या आत, आणि झटक्यात वळण नाही, नाहीतर टायर रिमवरून सुटतो. डांबरावर येताच हवा भरायची. त्यामुळे कॉम्प्रेसर नसेल तर हवा काढूच नका. मोठा कॉम्प्रेसर सिगारेट लायटरच्या सॉकेटवर लावला तर फ्यूज उडतो, चिमटे थेट बॅटरीला लावा.

एटीचे ठोकळे उंच असल्यामुळे ते तिरके झिजतात आणि आवाज हळूहळू वाढत जातो. दर आठ हजार किलोमीटरला चाकं फिरवली तर हे लांबतं. पाच चाकांचा क्रम असा: मागचं उजवं पुढे उजवीकडे, पुढचं उजवं मागे डावीकडे, मागचं डावं पुढे डावीकडे, पुढचं डावं स्टेपनीला, आणि स्टेपनी मागे उजवीकडे. ज्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो तो मात्र बाजू बदलू शकत नाही.

कायद्याने नक्षी १.६ मिमी उरेपर्यंत टायर चालतो. पावसाळ्यात घाट करणार असाल तर ३ ते ४ मिमीलाच बदला, आणि तो खर्च जूनच्या आधी करा. पाऊस लागला की दुकानात तुमचा साइझ शोधत फिरावं लागतं.